आर्डिसचं न कापलेलं गवत

माळरानावरच्या आमच्या व्हिलो बट गावाच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, एवढाच आमचा नमस्कार. दोन बोटं उचलली तर लोक म्हणतात, हा निवडणुकीला उभा राहतोय वाटतं. पण उचललंच नाही, तर काहीतरी बिनसलंय हे सगळ्या गावाला कळतं.

आर्डिसने त्या आठवड्यात ओरेस्टला बोट उचललं नाही.

ओरेस्ट शेजारच्या शेताचा मालक. त्याने केले होते ते उपकारच. आर्डिसचा नवरा हाल्वर ऐन सुगीत छाती धरून खाली बसला, त्याला दवाखान्यात हलवलं आणि गहू उभाच राहिला. ओरेस्टने फोन फिरवले. सगळे शेजारी आपापले हार्वेस्टर घेऊन आले आणि अंधार पडायच्या आत गहू कोठारात गेला. आर्डिसला रडू आवरेना. पण ओरेस्टची हौस फिटली नव्हती. तिच्या शेतातल्या टेकाडापाशी गवताचा एक तुकडा त्याला अस्ताव्यस्त दिसला. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने तोही साफ कापला आणि गोल गठ्ठे बांधून ठेवले.

त्या तुकड्याला आर्डिसच्या आजोबांनी नांगर लावला नव्हता, वडिलांनी विळा लावला नव्हता. लहान होती तेव्हापासून ती तिथे बसून कविता करायची. वारा, माळचिमण्या, गवतावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या, दुसरा विषय नाही. दर वर्षी गावाच्या सुगीच्या जेवणात टर्की वाढण्याआधी ती नवी कविता म्हणायची, आणि भुकेली माणसंसुद्धा ऐकून घ्यायची. यंदा गावाचे आभार मानायचे होते, आणि कागद कोरा. आभार मानावेत तर मनात राग, आणि रागवावं तर कुठल्या तोंडाने? बोडका तुकडा बघायलाही ती गेली नव्हती.

जेवणाच्या दिवशी सकाळी ओरेस्ट बायकोने दिलेल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, घेऊन दारात उभा.

"काय गं, बोट लचकलंय का?"

"का?"

"दोनदा समोरून गेलीस. इकडे मी उचलून उचलून दमलो."

"लक्ष नव्हतं."

"हं. आणि तुझं ते गवत! गवत कसलं, दगडांची शेती. माझ्या यंत्राची पाती मोडली. दगडही कसे, गोल मांडल्यासारखे. तुझ्या आजोबांना दुसरा उद्योग नव्हता का?"

"कसले दगड?"

दवाखान्यातून परत आलेला हाल्वर आतून, आरामखुर्चीतून ओरडला, "अगं, जाऊन बघ ना! बटाटे मी सोलतो."

ती गेली. बोडकी जमीन बघून ती परतच फिरणार होती. मग दगड दिसले. पावाच्या लादीएवढे, निम्मे मातीत रुतलेले, नीट वर्तुळात, उगवतीच्या बाजूला दारापुरती जागा सोडलेली. आमच्या आधी या माळावर राहणारे क्री लोक तंबूची कड दाबायला असेच दगड लावत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. जन्मभर ती चार पावलांवर बसत आली होती, आणि वाटायचं, हा वारा पहिल्यांदा आपणच ऐकला. आर्डिसला स्वतःचंच हसू आलं. वर्तुळात जाऊन ती बसली, आणि तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी गावाच्या हॉलमध्ये ती कविता म्हणायला उभी राहिली.

"मला वाटलं, हे गवत माझ्याशीच बोलतं.
माझ्याआधी इथे कुणी चूल पेटवली,
दाराचं तोंड उगवतीला ठेवलं.
मग त्यांना जावं लागलं,
आणि गवताने त्यांची जागा राखली.
शेजाऱ्याने न विचारता ते कापलं.
मी रुसले.
मग मला ते घर दिसलं."

ओरेस्टचे कान लाल झाले.

"म्हणजे... ते कापायचं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"आधी बोलले असते तर तू कापलंच नसतंस. आणि मी ते दगड न बघताच मेले असते. तुम्ही सगळ्यांनी माझा गहू वाचवलात, हाल्वरला घोर लागू दिला नाहीत. मी तुमची फार ऋणी आहे. आणि ओरेस्ट, तुझी सगळ्यांत जास्त."

"पण पुन्हा कापू नकोस रे!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला आणि टर्की आली.

सोमवारी हाल्वरला डॉक्टरकडे नेताना समोरून ओरेस्टचा ट्रक आला. त्याने जरा बिचकतच एक बोट उचललं.

आर्डिसने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले.

"अगं, गाडी!" हाल्वर किंचाळला.

रस्ता नाकासमोर सरळ होता. गाडी गेली तशीच.