पाच तुऱ्यांच्या मागची रांग

सांगलीच्या नाट्यगृहात, रंगपटातल्या आरशासमोर, आकाराम हवालदार पाहुण्यांना फेटे बांधत होता. पाहुणे पाच, फेटे पाच. कापडाचं एक टोक पाहुण्याच्या मुठीत द्यायचं, दुसरं आपण ताणून धरायचं, आणि पीळ बसत जाईल तसं आपणच पाहुण्याभोवती फिरायचं. पलटणीत परेडचे साफे त्याच्याच हातचे असत. आज तर लेकीच्या नाटकाचे पाहुणे. त्यानं तुरे असे काढले, असे काढले, की उसाला तुरा यावा तसे ते वीतभर वर डोलायला लागले.

"बास की आवं आता," त्याची बायको विजयमाला त्याच्यासमोर येऊन म्हणाली. आकारामशी बोलायचं तर समोरच यावं लागे. "छताला लागत्याल."

"मान हाय त्यो," आकाराम म्हणाला. "मान काय ठेंगणा असतोय व्हय?"

अठरा वर्षं तो तोफखान्यात होता. तोफांनी आधी डावा कान नेला, मग उजवा. कानातलं यंत्र घेऊन झालं, पण त्यातून नुसता खडखडाट यायचा, शब्द यायचा नाही. तेव्हापासून तो डोळ्यांनी ऐकायला शिकला. जोंधळ्यात पाखरू हललं की राखणदाराला दिसतं, तसा ओठ हलले की त्याला शब्द दिसायचा.

लेक क्रांती माधवनगरला खोली घेऊन राहायची, सांगलीत शिकायची आणि संध्याकाळी नाटक करायची. तिच्या तालमी दोन जागी चालत. एक दिग्दर्शक सुमंत सरांपुढं. दुसरी दर रविवारी, कडेगावजवळच्या वस्तीवर, गोठ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या बापापुढं. तिनं शब्द गिळला की बाप बोट वर करायचा. ती थांबायची, पुन्हा म्हणायची. "आबाला दिसला म्हंजी शेवटच्या रांगंला ऐकू गेला," असा तिचा हिशेब.

नाटक होतं बंद पडलेल्या गिरणीतल्या बाईचं. दुसरा अंक उघडला की क्रांतीचं एकटीचं दहा मिनिटांचं बोलणं होतं. एवढं एकच तिनं बापापुढं कधी म्हटलं नव्हतं. "ते तिथंच बघायचं, आबा. तुमी समोर असल्याबिगर मी ते म्हणणार न्हाई." आणि नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनाचा हा प्रयोग एकच. पुढचा कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं दुसऱ्या रांगेतल्या अगदी मधल्या दोन खुर्च्या आईबापासाठी धरून ठेवल्या होत्या.

सत्कार झाला, नारळ दिले, टाळ्या झाल्या. पाचही पाहुणे मंचावरून उतरले आणि पहिल्या रांगेच्या जागी मांडलेल्या सोफ्यांवर रुबाबात टेकले. तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

आकारामला काही दिसेना.

म्हणजे दिसत होतं, सगळं केशरी दिसत होतं. मधल्या सोफ्यावर पतसंस्थेचे अध्यक्ष दिग्विजयराव बसले होते आणि त्यांचा तुरा बरोबर लेकीच्या तोंडावर आला होता. आकाराम डावीकडं कलला, तर तिकडं दुसरा तुरा. उजवीकडं कलला, तेवढ्यात दिग्विजयरावांनी मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं. आता तुऱ्यावर मोबाईल, आणि मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याएवढी लेक.

मागून खांद्यावर टकटक झाली. आकारामनं वळून मागच्या माणसाच्या ओठांवर वाचलं: काका, हलू नका, आम्हाला दिसत नाही.

खरंच होतं त्याचं. आकाराम ताठ बसला, सावधानमध्ये उभा असल्यासारखा. आपणच बांधलेल्या तुऱ्याच्या चुण्या मोजत बसला. सभोवती लोक हसले. त्यानं बायकोकडं पाहिलं. "काय म्हणाली?"

विजयमाला सांगायला गेली, तर शेजारून "शूऽऽ!" आलं.

तिकडं मंचावरही काही ठीक नव्हतं. क्रांतीनं पहिल्याच वाक्याला दुसऱ्या रांगेच्या मध्यावर नजर टाकली होती. तिथं बाप नव्हता, पाच तुरे होते. आबा आलेच नाहीत की काय? तिची जीभ अडखळली, मग पळायला लागली. शब्दांवर शब्द चढले. विजयमालाला ऐकू येत होतं, म्हणून तिला कळलं. पोरगी वाक्यांचे शेवट गिळत होती, आणि बोट वर करणारं माणूस केशरी भिंतीमागं बसलं होतं.

मध्यंतर झालं. दिवे लागले.

"बघितला का मान?" विजयमालानं नवऱ्यासमोर तोंड आणलं. "उसाला तुरा आला की ऊस पोकळ हुतो, शेतकऱ्याला सांगाय पायजे व्हय? आता उठा आन् सांगा त्यास्नी, फेटं उतरवा म्हणून."

"मी सांगू?" आकाराम दचकलाच. "म्याच बांधलेलं? भर सभेत? आपल्याकडं डोईवरचं कवा उतरवत्यात, ठावं न्हाई तुला? मयताला. न्हाई. ऱ्हाऊ दे. पोरगी घरी म्हणून दावंल."

"घरी म्हणायचं असतं तर आजवर म्हणली नसती?"

आकाराम आपल्या हातांकडं बघत बसला.

विजयमाला सुमंत सरांना गाठायला गेली. सर घामाघूम होते. "वहिनी, हाऊसफुल्ल आहे हो. पायऱ्यांवरसुद्धा लोक आहेत. भिंतीकडेला उभं करतो पाहिजे तर."

"कडेनं तिचं अर्धंच तोंड दिसंल. अर्ध्या तोंडाचं अर्धं बोलणं. त्ये वाचाय येत न्हाई त्यास्नी."

"मग काय करू? दिग्विजयरावांना फेटा काढा म्हणायची माझी छाती नाही. आताच घातलाय आम्ही."

"तुमी ऱ्हाऊ द्या," विजयमाला म्हणाली.

पहिली घंटा झाली. लोक हातातले वडे संपवत, हात पुसत आत येत होते. विजयमालानं नऊवारीचा काष्टा सारखा केला, पदर खांद्यावरून पुढं ओढला आणि ती सोफ्यांसमोर जाऊन उभी राहिली. मंचाकडं पाठ, पाहुण्यांकडं तोंड. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर ती पहिल्यांदाच उभी होती.

"पाव्हनं, रामराम. मी नाटकातल्या पोरीची आई. ह्ये मागं बसल्यात त्ये तिचं वडील. कान न्हाईत त्येंस्नी. तोफांनी नेलं. लेकीचं बोलणं त्ये डोळ्यांनी ऐकत्यात. पयला अंक त्येंनी तुमच्या तुऱ्यांचाच बघितला."

सोफ्यांवर चुळबूळ झाली. दिग्विजयराव खाकरले. "मावशी, तुमचं बरोबर हाय. पण सत्काराचा फेटा लगेच उतरवायचा म्हणजे... बरं दिसत नाही. आणि ठेवायचा कुठं? पायात? सोफ्यावर?"

"पायात कशापायी?" विजयमालानं दोन्ही हातांनी पदर पसरला. "हितं द्या. भुईला टेकू देणार न्हाई. पाळण्यातनं लेकरू उचलून घ्यावं तसं मांडीवर घेते. नाटक सुटलं की ज्याचा त्याच्या डोईवर. पदरात ठिवलेला मान कमी झालाय, असं तुमी ऐकलंय कवा?"

दुसरी घंटा झाली.

डावीकडच्या सोफ्यावर चारुशीलाबाई बसल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दोन्ही हात वर नेले. "तासभर माझ्या डोक्यामागं कुणी नाटकाविना बसलंय, आणि मला पत्ता नाही! शाळेत उंच पोरांना मागं बसवण्यात माझी तीस वर्षं गेली हो." त्यांनी फेटा जसाच्या तसा उचलला, पीळ न मोडता, तुरा न वाकवता, आणि विजयमालाच्या पदरात ठेवला.

मग दुसरा आला. तिसरा आला. चौथे पाहुणे टक्कल चाचपत म्हणाले, "आमचं उघडं पडतंय बघा," आणि हसत हसत त्यांनीही दिला. उरले दिग्विजयराव.

"आमालाबी दिसत न्हवतं वो!" मागून कुणीतरी ओरडलं. आणखी मागून दुसरा म्हणाला, "मोबाईलबी खाली घ्या, अध्यक्ष!" हशा पिकला.

दिग्विजयरावांचा चेहरा लाल झाला. ते वळून बघायला लागले, कोण बोललं ते. वळताना त्यांची नजर मागच्या खुर्चीवर गेली. तिथं आकाराम ताठ बसला होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, कारण बायकोचं तोंड उरलेल्या तुऱ्याआड होतं. पण आपले फेटे उतरताना त्याला दिसत होते आणि त्यानं मान खाली घातली होती, जणू अपराध त्याचाच.

"अरे, हे तर फेटेवाले हवालदार," दिग्विजयराव हळू म्हणाले. "ह्यांनीच बांधला माझा."

"व्हय. त्येंनीच," विजयमाला म्हणाली.

"ज्यानं बांधला त्यालाच दिसंना!" दिग्विजयराव उठले. त्यांनी फेटा उतरवला, आकारामसमोर दोन्ही हातांत धरला आणि ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "हवालदारसाहेब. लय झकास बांधलाय. पण आता नाटक बघू या." मग फेटा त्यांनी पदरात दिला आणि मोबाईल खिशात घातला. तिसरी घंटा टाळ्यांमध्येच बुडाली.

विजयमाला जपून पावलं टाकत जागेवर आली. मांडीवर पाच फेटे, पाच तुरे तिच्या हनुवटीला गुदगुल्या करत होते. तिच्या आईनं जात्यावर तिला ओव्या जुळवायला शिकवलं होतं. आता जातं नव्हतं, तरी मनात ओळी फिरायला लागल्या:

लेक बोलती मंचावं, बाप डोळ्यांनी ऐकतो
पाच मानाच्या फेट्यांचा भार पदर झेलतो

अंधार झाला. पडदा उघडला. मंचावर एक स्टूल, एक सुताची गुंडी आणि क्रांती. तिनं नजर उचलली. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर, मंचावरून सांडलेल्या उजेडात, बापाचा चेहरा होता. अख्खा. मिशीसकट.

मग बोलली ती सावकाश, भाकरी थापताना हात फिरावा तशी.

"गिरणी चालू व्हती तवा आमी बाया ओठांनी बोलायचो. एवढा खडखडाट, त्यात आवाज कुणाला पोचायचा? चार मागांच्या पल्याडनं मैतरीण ओठ हलवायची, आन् मी हिकडं हसायची. कुणाचं लगीन ठरलं, कुणाचं लेकरू तापलंय, समदं आमी डोळ्यांनी ऐकलं. मग गिरणी बंद पडली. लोकं म्हणाली, आता कसं शांत वाटतंय. म्या म्हणलं, तुमाला वाटत आसंल. मला इचारा. कानांनी ऐकणारी माणसं तोंडाकडं बघत्यात का कुणाच्या? जवापस्नं समद्यास्नी ऐकू येतंय, तवापस्नं माझ्या तोंडाकडं कुणी बघितल्यालंच न्हाई."

आकारामचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. हे ती कुठल्या गिरणीत शिकली नव्हती. हे गोठ्याच्या कट्ट्यावरचं होतं. म्हणून तिनं ते लपवलं होतं, म्हणून इथंच बघायचं होतं.

एकही शब्द तिनं गिळला नाही. एकदाही त्याचं बोट वर गेलं नाही. दहा मिनिटं सभागृहात खोकलासुद्धा नव्हता, आणि मोबाईलचा एक उजेड नाही. दिग्विजयराव पुढं झुकून हनुवटी तळव्यात घेऊन बसले होते. चारुशीलाबाई डोळे पुसत होत्या. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक शब्द पोचला, आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या एकाला तर सगळ्यांच्या आधी.

नाटक संपलं तेव्हा पहिले दिग्विजयराव उठले, मग सोफे, मग रांगामागून रांगा. सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. आकारामही उठला. टाळ्यांचा धडाका त्याला पायाखालच्या फरशीतून जाणवत होता, आणि उघड्या डोक्यांवरून लेक स्वच्छ दिसत होती.

उठता आलं नाही ते एकट्या विजयमालाला. मांडीवर पाच फेटे होते, एकही भुईला टेकता कामा नये. तिच्यासमोर नुसत्या पाठी. सदरे, कोट, साड्या. तिनं नवऱ्याचा हात ओढला आणि त्यानं खाली बघितल्यावर ओठ हलवले, "काय करतीया? सांगा की!"

"वाकलीया," आकाराम मंचावरची नजर न काढता मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, टाळ्यांवरून चार रांगा पोचला. "आता उठली. सर तिला म्होरं ढकलाय लागल्यात, ती जाईना. गेली बघ. गेली म्होरं. रडतीया... न्हाई, हसतीया. दोनीबी करतीया गं!"

"आन् आता?"

"आता हिकडं बघतीया," आकाराम म्हणाला. "थांब, काय तरी म्हणतीया. तुलाच म्हणतीया, विजे. थांब, सांगतो."