काळ्या फडक्याखालचा कॅमेरा

उजव्या हाताने मी ज्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो, त्यात कार्डच नव्हतं. खरे फोटो ट्रायपॉडवरच्या दुसऱ्या, लहान कॅमेऱ्यात निघत होते आणि त्याचा रिमोट माझ्या डाव्या मुठीत होता. गळ्यातल्या जुन्या धुडाचा मला फक्त आवाज हवा होता. खटाक. मागे खुर्चीवर बसलेल्या, गाडी कंपनीच्या साहेबांना तो ऐकू गेला पाहिजे, एवढंच त्याचं काम. बावन्न वर्षांचा माणूस, एका हाताने खरा फोटो काढतोय आणि दुसऱ्या हाताने खोटा आवाज.

हे कुणाला दिसत नव्हतं, कारण मी काळ्या फडक्याखाली होतो. गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे फडकं लागतंच. नव्या गाडीचा रंग आरशासारखा असतो, आणि फोटोत गाडीच्या दारावर आपलंच ढेरपोट उमटू नये म्हणून आम्ही स्वतःला आणि कॅमेऱ्याला झाकून घेतो. बावीस वर्षं मी ते पोट लपवायला वापरलं. त्या दिवशी लाज लपवायला वापरलं.

झालं असं, की चार महिन्यांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. शर्टाची दुसरी बाही बायको चढवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलणं बंद. आता माझा धंदाच ओझ्याचा. जुना कॅमेरा आणि त्याच्या भिंगांची पिशवी मिळून एखाद्या शाळकरी पोराएवढं वजन. म्हणून मी गुपचूप हलका, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा घेतला. तोही ओळखीच्या दुकानातून नाही, पार दुसऱ्या टोकाला जाऊन.

"अहो, तोंड लपवून कॅमेरा घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," बायको म्हणाली. "चोरी केलीत का?"

चोरीच म्हणायची. फक्त कॅमेऱ्याची नाही.

माझी मोठी बहीण, ताई, माझ्याहून सात वर्षांनी थोरली. गाडीवर उजेड कसा सरकवायचा, चाक कुठे वळवून ठेवायचं, सगळं तिने मला शिकवलं. साहेबांच्या गाडी कंपनीचं काम आधी तिच्याकडेच होतं. सहा वर्षांपूर्वी तिचं मनगट गेलं, तेव्हा तिने हलका कॅमेरा घेतला आणि स्वतःचा जड कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून माझ्या गळ्यात घातला. "माझ्याच्याने आता होत नाही रे," म्हणाली. "तू वापर."

नव्या कॅमेऱ्यावरचं तिचं पहिलंच मोठं काम म्हणजे साहेबांच्या नव्या गाडीचा समारंभ. फोटो आले आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये काळे पट्टे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे कशाने झालं? मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोरचा आपल्याला जाणकार समजून विचारतोय म्हटल्यावर माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "साहेब, खेळण्याने गाड्यांचे फोटो काढायचे नसतात."

साहेबांना वाक्य फार आवडलं. पुढच्या वर्षीचं काम माझ्याकडे आलं, आणि मग दर वर्षी येत राहिलं. ताई नळ, कड्या आणि बिजागऱ्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढू लागली. मी तिच्याच कॅमेऱ्याने तिचंच काम करत राहिलो आणि जिथे जाईन तिथे लहान कॅमेऱ्यांची टिंगल करत राहिलो.

आता तोच लहान कॅमेरा साहेबांसमोर कोणत्या तोंडाने काढणार? म्हणून फडकं, म्हणून गळ्यात जुनं धुड. खांद्याचं ओझं कमी करायला नवा कॅमेरा घेतला आणि जुनाही गळ्यात घालून फिरलो. नव्याची बारीकशी टिकटिकही कानावर पडू नये, म्हणून त्याला सायलेंटवर टाकलं.

"वा," साहेब मागून म्हणाले. "तुमचा तो खटाक ऐकला की काम झाल्यासारखं वाटतं."

गाडी एकच होती, नमुन्याची, पांढरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कंटेनरमधून प्रदर्शनाला जायची होती. मी चाळीस फोटो काढले, हस्तांदोलन केलं तेही डाव्या हाताने, आणि घरी येऊन ते कॉम्प्युटरवर उघडले.

हेडलाइटमध्ये काळे पट्टे. बॉनेटवरही फिकट पट्ट्यांची रांग. एकही फोटो त्यातून सुटला नव्हता. ते पट्टे माझ्या ओळखीचे होते.

संध्याकाळच्या आत ताईकडे गेलो. पांढऱ्या कागदावर सात नळ ओळीने उभे होते, आणि मनगटाला पट्टा बांधून ती त्यांच्यावरचे बोटांचे ठसे पुसत होती. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावला आणि एकच फोटो पाहिला.

"सायलेंटवर होता?"

"हो."

"का? भाषण चालू होतं?"

मग मला सांगावंच लागलं. खांदा, फडकं, रिमोट, कार्ड नसलेला कॅमेरा, खटाक. ताई आधी हसली. एवढी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. "म्हणजे तू तोंडाने आवाज काढायचा तेवढा बाकी ठेवलास," म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं आणि ती परत नळ पुसायला लागली.

"हे एलईडी दिवे सतत पेटलेले दिसतात, पण फार वेगाने लुकलुकत असतात," ती म्हणाली. "सायलेंटमध्ये कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, एकेक ओळ वाचत खाली येतो. जी ओळ वाचताना दिवा विझलेला, तिथे काळा पट्टा. मेकॅनिकल शटर लाव, ते आवाज करणारं, आणि वेग कमी कर. कॅमेऱ्याचा दोष नाही. माझ्या वेळी भाषणं चालली होती, म्हणून मी आवाज बंद केला होता."

"तुला हे कधी कळलं?"

"पंधरा दिवसांत. तुला फोन केला होता ना."

केला होता. मला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मी लाइटवाल्या दोघांबरोबर जेवत होतो. ताई घाईघाईने सांगत होती, अरे सापडलं, सेटिंगचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला, त्या दोघांना डोळा मारला आणि म्हणालो, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं." ते दोघे खो खो हसले. ते तिला ऐकू गेलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं, तर आज माझी ही गत झाली नसती.

"मग साहेबांना तरी सांगायचंस."

"तिथलं काम नुकतंच तुझ्याकडे आलेलं," ती नळाकडे बघत म्हणाली. "तिथे जाऊन तुझा शब्द खोटा पाडायचा? लोक काय म्हणाले असते, भावाचं बघवत नाही."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी म्हणालो, उद्या तू चल. ती म्हणाली, "सेटिंग मी सांगितली. पुढचं तुझं तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडून एक तास मागून घेतला. जुना कॅमेरा माझ्या गाडीतच ठेवला. लहान कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, फडकं फक्त अंगावर घेतलं, कॅमेऱ्यावर नाही. टिक. टिक. स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. हेडलाइट स्वच्छ, डोळ्यात काजळ घातल्यासारखे नीट रेखीव.

साहेब उठून जवळ आले. "आज खटाक नाही? आणि हे खेळणं कुठलं?" ते हसत होते. "मी तर सगळ्यांना तुमचं वाक्य ऐकवतो. मागच्या महिन्यात एक मुलगी असाच लहान कॅमेरा घेऊन आली होती. दारातूनच परत पाठवली."

तेव्हा हसून वेळ मारून नेता आली असती. फोटो चांगले होते, गाडी वेळेत जाणार होती, आणि खांद्याचं कारण सांगितलं असतं तर वर सहानुभूतीही मिळाली असती. ते कारण जिभेवर आलंही होतं.

"साहेब, ते वाक्य खोटं होतं," मी म्हणालो. "ताईच्या कॅमेऱ्याचा दोष नव्हता. सेटिंग होती. मला तेव्हा कळत नव्हतं, आणि तिने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही."

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आपण त्या बाईंना उगाच..."

"आपण नाही. मी."

"पण काल तर मी खटाक ऐकला."

तेही सांगितलं. ते हसतील अशी मला आशा होती. ताई हसली होती. साहेब हसले नाहीत. खिशातून फोन काढून म्हणाले, "फोटो चांगले आहेत. ठेवून घेतो. त्यांचा नंबर द्या."

मी नंबर दिला.

तिथून तडक ताईकडे गेलो आणि जुना कॅमेरा पिशवीसकट तिच्या टेबलावर, नळांच्या शेजारी ठेवला. म्हणालो, हा तुझा. साहेबांचा फोन येईल, तो घे.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मग तुझं काम?"

"तुझ्याकडे येईल बहुतेक."

तिने कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला. "बाई गं, किती जड आहे हा," म्हणाली आणि मनगट चोळू लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खांदा कसा आहे रे? रात्री झोप लागते का?"

सहा वर्षांत मी तिला मनगटाचं एकदाही विचारलं नव्हतं.