निवडलेले घास

सुकन्याने रोहू माशाचा तुकडा ताटलीत उलटा केला, मधला कणा सोडवला आणि मांस दोन बोटांत चुरून पाहिलं. मोठे काटे सरळ निघतात. केसासारखे, टोकाला दुभंगलेले काटे फक्त बोटांनाच कळतात. चुरलेला घास तिने सासऱ्यांच्या ताटात सरकवला.

"घ्या मामा."

अण्णारावांनी ताटाची कड चाचपली आणि घास उचलला. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर मुदखेडजवळचं शेत वाट्याने लावून ते नांदेडला मुलाकडे राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली. रविवारचं माशाचं कालवण, एवढी एकच गोष्ट ते तोंडाने मागत. सुकन्याचा नवरा शिवशंकर परीक्षेच्या कामाला कॉलेजात गेला होता. घरात दोघंच होते.

फोन वाजला. लातूरहून अपूर्वाचा, सुकन्याच्या धाकट्या बहिणीचा. डाव्या हाताने फोन घेऊन सुकन्या भाकरी आणायला स्वयंपाकघरात गेली.

"काय करणार, काटे वेचून राहिले," ओट्याशी उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली. "एकेका घासाला पाच पाच मिनिटं. माझ्या पोटात अन्न जायला तीन वाजतात. कुठवर चालायचं हे, काही कळत नाही बघ."

पलीकडून अपूर्वा काहीतरी बोलली, तशी सुकन्या हसली.

ती भाकरी घेऊन बाहेर आली तेव्हा अण्णारावांच्या ताटात नुसता रस्सा उरला होता. शेजारच्या ताटलीतला, अजून न निवडलेला तुकडाही नव्हता.

"मामा, त्यातले काटे काढायचे होते अजून."

"झालं माझं. तू जेवून घे, बाई."

ते पाणी प्यायले, दोनदा खाकरले आणि हात धुवायला उठले. सुकन्या जेवायला बसली. तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी चहा नको म्हटलं, नंतर दूधही. सकाळी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा शिवशंकरने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी घशात उजेड टाकून चिमट्याने काटा काढला आणि कापसावर ठेवला. बोटाच्या पेराएवढाही नव्हता.

"दिसत नाही, तर मासा कशाला खायचा आजोबा? काटे कोण काढून देतं?"

शिवशंकरने सुकन्याकडे पाहिलं. तिने पर्समधून जुनी औषधांची चिठ्ठी काढली आणि उगाच उलगडली.

"सूनबाई देती की निवडून," अण्णाराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "थांबा म्हणत व्हती ती. म्याच घाई केली."

सुकन्याने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली.

"आता मासे बंद," परतताना रिक्षात शिवशंकर म्हणाला. "बाबा, ऐकलं का?"

"हाव."

सुकन्या बाहेर रस्त्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर शिवशंकर औषधं आणायला गेला. सुकन्याने भाताची पेज केली, निववली आणि वाटी सासऱ्यांच्या हातात दिली. ती तिथेच उभी राहिली.

"मामा, मी थांबा म्हणाले नव्हते."

"असू दे."

"मग डॉक्टरांना तसं कशाला सांगितलंत?"

अण्णारावांनी वाटीत चमचा फिरवला. "घाई केली, ते तर खरं हाय ना." एक घोट कष्टाने गिळून ते म्हणाले, "तुला जेवाया लई उशीर होतो. मला ठावं नव्हतं. घड्याळ दिसत न्हाई ना."

सुकन्याने खुर्चीची पाठ धरली. ओटा तिथून जेमतेम दहा पावलांवर होता. तिच्या गालांना, कानांना चटका बसल्यासारखं झालं. अण्णाराव सावकाश पेज पीत राहिले.

औषधांची पिशवी घेऊन शिवशंकर आत आला. तिचा चेहरा पाहून दारातच थांबला.

"काय झालं?"

"त्यांचे मासे बंद करू नका," ती म्हणाली. "त्यांनी घाई का केली, ते सांगायचंय मला. काल अपूर्वाचा फोन आला होता..."

अण्णारावांनी वाटी खाली ठेवली. ते उठले, भिंतीला हात लावत लावत गॅलरीत गेले आणि त्यांनी आपल्या मागे दार ओढून घेतलं.