गडग्यापलीकडचं प्रस्थान

बाबांनी माझं प्रस्थान ठेवलं तेव्हा कोल्हापूरच्या कॉलेजात मला जागासुद्धा मिळालेली नव्हती. ते साल चौतीसचं. पुढे बरेच दिवस प्रवासाला चांगला मुहूर्त नाही असं भटजी म्हणाले, एवढं बाबांना पुरलं. माझं एक पातळ, तांदूळ, सुपारी आणि शाळेचा दाखला फडक्यात बांधून त्यांनी ते गाठोडं आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या येसूबाईंच्या घरी नेऊन ठेवलं. पंचांगाच्या लेखी मी निघाले होते. प्रत्यक्षात चुलीवरचा भात उतरवत होते.

शाळेत मास्तरांनी एकदा चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावलं होतं. माझ्या श्वासाने निवळी दुधाळ झाली. तेव्हापासून मला सायन्सच हवं होतं, पण हे सांगायचं कुणाला? मैत्रिणी लग्न होऊन गेल्या. आई आजारपणात मुहूर्त न बघता घाईने मुंबईला गेली, ती परत आलीच नाही. त्या दिवसापासून बाबा पंचांगाला धरून बसले होते.

मग कॉलेजचं पत्र आलं. आर्ट्सला केव्हाही या. सायन्सला प्रयोगशाळेत टेबलं मोजकीच, तेव्हा मूळ दाखला आधी टपालाने पाठवा.

आणि दाखला गाठोड्यात!

"बाबा, गाठोडं आणू या ना."

"प्रस्थान परत घरात आणायचं नसतं गो."

"पण जागा जाईल."

"मग आर्ट्स घे." त्यांनी पंचांग जवळ ओढलं. "तुझी आई अशीच गेली, दमे."

मला राग आला आणि त्यांची कीवही आली. गाठोडं घरी येत नसेल तर मीच त्याच्याकडे जाईन, मी म्हटलं. निघालेल्या माणसाने वाटेत आपलं सामान उघडलं तर काय बिघडलं? बाबा कबूल झाले. फक्त एकदा उंबरा ओलांडला की माघारी यायचं नाही, ही त्यांची अट. त्यांनी माझ्या हातावर दही घातलं.

मी येसूबाईंकडे राहायला गेले आणि दाखला त्याच दिवशी टपालात पडला.

येसूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलणं असं नव्हतंच. त्यांच्या पडवीतून आमचं स्वयंपाकघर दिसे. बाबा चूल फुंकायचे, करपलेला भात एकटेच जेवायचे. इकडे येसूबाईंच्या पंगतीला बसूनही मी एकटीच जेवायची. पुढे परक्या गावातही मला इतकं एकटं वाटलं नाही.

टेबल मिळाल्याचं पत्र पोस्टमनने घरी दिलं. बाबांनी ते गडग्यावर ठेवलं, वर दगड ठेवला आणि आत गेले.

निघायच्या सकाळी मी गाठोडं घेऊन आमच्या दारावरून गेले. बाबा पायरीवर उभे होते. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नसते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी मी मुद्दाम सावकाश चालले.

"दमे!"

मी वळले.

"भातात पाणी किती घालायचं गो?"

"तांदळाच्या वर पेरभर," मी बोट धरून दाखवलं.

बाबांनी आपलं बोट वर केलं, पेरावर अंगठा ठेवला आणि मी मोटारीत बसेपर्यंत तसेच रडत उभे राहिले.