करपलेलं पातेलं

मित्रांनो, मी एक जुनं दुधाचं पातेलं आहे. माझं बूड काळं पडलंय आणि एक कड चेपलीय. नवं होतं तेव्हा मात्र इतकं लखलखीत होतं, की घरात आलेली नवी सून माझ्यात बघून केस सारखे करायची.

ती दूध तापत ठेवून कपडे वाळत घालायला जायची. तिथे तिला खिडकी मळलेली दिसायची. ती पुसता पुसता इकडे मी करपायचं.

"लक्ष कुठे असतं तुझं? एवढंसं काम जमत नाही?" नवरा चिडायचा. ती खाली मान घालून मला घासत बसायची. 'वेंधळी' हे नाव तिला माहेरीच पडलं होतं.

पुढे तिला मुलगी झाली. तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळेत जायला लागली तरी जेवता जेवता ती दहादा उठायची, गणितं अर्धी सोडायची.

एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला. वास घरभर पसरला. शेजारच्या खोलीत भिंगरी झोपलेली. बाबांनी धावत येऊन खिडक्या उघडल्या. "कुणाचा तरी जीव घेशील एक दिवस!" त्या दिवशी आई रडलीसुद्धा नाही. नुसती ओट्याला धरून उभी राहिली.

शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून भिंगरीला डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर आई बाबांना म्हणाली, "तिला एडीएचडी आहे. मेंदूलाच लक्ष टिकवणं जड जातं. आळस नाही, वाईट वळण नाही. डॉक्टर तिच्याबद्दल विचारत होत्या आणि मी मनात माझीच उत्तरं देत होते."

बाबा तिच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "तुझीही तपासणी करून घेऊ."

तिलाही तेच निघालं. दोघींची औषधं सुरू झाली. भिंगरीची भूक कमी झाली तेव्हा डॉक्टरांनी मात्रा बदलली. अभ्यासाचे छोटे तुकडे पाडायला शिकवलं. आई समुपदेशनाला जाऊ लागली. दूध तापेपर्यंत ओट्यापासून हलायचं नाही, असं तिने ठरवलं. जादू काही झाली नाही. मी अजूनही अधूनमधून करपतं.

परवा भिंगरीच्या हातून मी निसटलं. दूध सगळीकडे सांडलं. ती अंग चोरून उभी राहिली. आई फडकं घेऊन खाली बसली.

"ये, दोघी पुसू. माझ्या हातूनही असंच सांडायचं."

"मग तुझ्याबरोबर कोण पुसायचं?"

आईचा हात थांबला. "कुणी नाही गं."

भिंगरी तिला चिकटून बसली आणि फ्रॉकच्या टोकाने पुसू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात असं कुणी असेल, तर त्याला नावं ठेवू नका. डॉक्टरांना विचारा. आणि तोवर एक फडकं घेऊन त्याच्याशेजारी बसा.