राजेश्वरीच्या पानातली काकडी

राजेश्वरीला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या घरी तिचा नवरा सेतू तिच्या फोटोपुढे पान मांडणार होता. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करून केळीच्या पानावर वाढायचं, सगळ्यांनी नमस्कार करायचा आणि मग जेवायला बसायचं. पाहुणे येऊन बसले होते. स्वयंपाकघर सेतूच्या थोरल्या बहिणीनं, चोळपुरमच्या भवानीअक्कानं, सकाळपासून ताब्यात घेतलं होतं.

सेतूनं तिला एकच गोष्ट बजावली होती. बायकोच्या पानात दुधातलं काही नको. दही नको, तूप नको.

राजेश्वरीनं दूध सोडलं ते अक्काच्याच गोठ्यात. अक्काच्या गाईचं वासरू मेलं होतं. घरच्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं केलं. गाय ते चाटत राहिली आणि दूध देत राहिली. राजेश्वरीनं ते पाहिलं, हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा कधी दुधाला शिवली नाही. कुंभकोणमसारख्या गावात, जिथं कॉफीचं नाव काढलं की आधी दुधाची चौकशी होते, तिथं ती मरेपर्यंत काळी कॉफी प्यायली. सोयऱ्यांनी टिंगल केली. अक्कानं तर तो आपल्या घराचा अपमानच धरला. ही बाई देवाला अभिषेक कशानं घालणार, असं ती चारचौघांत विचारायची. राजेश्वरी हसून सोडून द्यायची. सेतूला ते कधी जमलं नाही.

राजेश्वरीला काकडीची कोशिंबीर फार आवडायची. अक्कानं ती केली, पण दह्याऐवजी दुकानातून आणलेली सॅलड ड्रेसिंगची बाटली त्यात अर्धी रिकामी केली. दही घातलेलं नाही, बघ, असं वर सांगितलं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'एगलेस' लिहिलं होतं आणि कोपऱ्यात शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका होता.

सेतूनं चष्मा लावला आणि बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. राजेश्वरी दुकानात हेच करायची, मागे रांग खोळंबली तरी. तेल, व्हिनेगर, साखर, आणि पुढे मिल्क सॉलिड्स. म्हणजे दुधाची भुकटीच.

अक्का मानेना. हिरवा ठिपका आहे म्हणजे शुद्धच, असं तिचं म्हणणं. तेव्हा सेतूनं बाटलीवरच्या नंबरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडच्या मुलीनं तमिळमध्ये अदबीनं सांगितलं, की माल शंभर टक्के शाकाहारी आहे. दूध आहे का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, आहे ना साहेब, त्यानंच तर चव येते. बाहेर कोणीतरी हसलं.

अक्काचं तोंड उतरलं, पण ती हटली नाही. चिमूटभर भुकटीनं गेलेल्या माणसाचं काय बिघडणार, म्हणाली.

"आणि सकाळी तू दुधाची कॉफी प्यायलास, ती चालते?"

"मी माझ्या तोंडानं प्यायलो, अक्का. हे पान तिचं आहे."

"लोक भुकेले बसलेत. आता नवीन कोण करणार?"

"मी."

मुलगी लक्ष्मीप्रिया सुरी घ्यायला पुढे आली. त्यानं दिली नाही. चुलतभाऊ कृष्णमूर्तीनं बाहेरून विचारलं, आज जेवण आहे की उपास? सेतूनं आतूनच सांगितलं, की ज्याला घाई असेल त्यानं हॉटेल गाठावं. कोणी उठलं नाही.

काकडी त्यानं जन्मात चिरली नव्हती. फोडी कुठं जाड झाल्या, कुठं तिरक्या. वर मीठ, लिंबू आणि शेंगदाण्याचं कूट. लिंबाच्या बिया आत पडल्या, त्या त्यानं बोटांनी वेचून काढल्या.

"गाईपुढे टाकतात तशी चिरलीस," अक्का म्हणाली.

"गाईपुढे काय ठेवतात ते तुला ठाऊक."

सेतूनं फोडी पानावर वाढल्या आणि पेल्यात काळी कॉफी ओतून शेजारी ठेवली. अक्काची कोशिंबीर पाहुण्यांच्या पंगतीत दिली. बाटलीही तिथंच ठेवली, मागची बाजू त्यांच्याकडे करून.

सगळ्यांचा नमस्कार झाला. अक्कानं शेवटी केला आणि पंगतीत येऊन बसली. आपल्या पानातली कोशिंबीर तिनं बोटानं बाजूला सारली.

"मला ती तुझी वाढ."

"उरली तर," सेतू म्हणाला.