पहिल्यासारखी

"ही माझी गाडी नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

आमच्या ह्यांनी किल्ली पुढे केली होती, ती तशीच हातात राहिली. शेडच्या दारात पिवळाधमक ट्रक उभा होता. पत्र्यात बघून भांग पाडावा इतका चकचकीत. पाच शनिवार-रविवार ह्यांनी त्यावर जीव ओतला होता, आणि गाडीचा मालक तिच्याकडे नीट बघायलाही तयार नव्हता.

"काका, नंबर बघा ना. तोच आहे," हे म्हणाले.

"नंबर काय, कुणीही लावेल. माझी कुठे ठेवलीत ते सांगा."

काकांचा आवाज चढला नव्हता. आपली छत्री कुणी चुकून उचलून नेली तर विचारावं, तसे ते विचारत होते. काकूंनी त्यांच्या दंडाला धरून समजावलं, कसंबसं वर चढवलं. काकांनी सवयीने हॉर्न दाबला. ह्यांनी हौसेने बसवलेला तीन सुरांचा हॉर्न शेडभर घुमला, तसा काकांनी हात झटकन मागे घेतला आणि ते खाली उतरले. पुन्हा काही ते चढले नाहीत.

आता हे काका कोण, ते सांगते. चाळीस वर्षं त्यांनी हा एकच ट्रक चालवला. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी गल्ल्या विसरले, मग मुलीचं नाव, मग जेवलो की नाही ते. ट्रक मात्र विसरले नाहीत. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातल्यावर काकूंनी ट्रक अंगणात लावला आणि बॅटरी काढून ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी नाश्ता झाला की काका वर चढत, दोन-तीन तास स्टीअरिंग धरून बसत आणि खाली उतरून सांगत, "पोचलो." तेवढ्या वेळात काकूंची घरकामं उरकत, जमलं तर अर्धा तास डोळाही लागे. त्यांच्या दिवसातली उसंत म्हणाल तर तेवढीच.

पुढे ट्रकचा पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलं, पायरी निखळली आणि एक दिवस काकांचा पाय घसरून गुडघा फुटला. कुणीतरी आमच्या शेडचं नाव सांगितलं, म्हणून काकू आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मला दुसरं काही नको हो. पहिल्यासारखी करून द्या, म्हणजे झालं."

आणि नेमका हाच शब्द त्यांनी चुकीच्या माणसाला सांगितला.

आमचे हे सोमवार ते शुक्रवार जन्ममृत्यूच्या नोंदींच्या खिडकीमागे बसतात. बाहेर माणूस शपथा घेत असतो, आईचं नाव असं नाही, तारीख अशी नाही. हे शांतपणे जुनं रजिस्टर उघडतात, पहिल्या नोंदीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथे असं आहे." विषय संपला. त्या खिडकीत ह्यांचा आवाज तिसऱ्या माणसाला ऐकू जात नाही. साहेबांनी हाक मारली की चष्मा आधी उठतो आणि मागून हे.

शनिवारी अंगात डांगरी चढली की हाच माणूस दोन इंच उंच होतो. बंद पडलेल्या बेकरीमागची शेड आम्ही भाड्याने घेतली आहे. हे, पत्र्याचं काम करणारा ह्यांचा दोस्त ठोक्या, आणि शिलाई मशीनवर मी. एका भाजीवालीच्या व्हॅनची बाजू ह्यांनी अशी कापली, की ती उघडली की दुकान आणि मिटली की गाडी. एका उंच डॉक्टरांच्या गाडीचं छप्पर चार बोटं उचललं, कारण त्यांना मान वाकडी करून बसावं लागायचं. भंगारात निघालेल्या रुग्णवाहिकेत एका जोडप्याला स्वयंपाकाच्या ओट्यासकट घर करून दिलं. आली तशी गाडी परत जाऊ द्यायची नाही, हा ह्यांचा बाणा. नातेवाईक म्हणतात, ह्याला चाकांचं वेड लागलंय. मी म्हणते, लागू दे, आठवड्याचे दोन दिवस तरी घरात शहाणा माणूस नसतो.

तर हे काकांच्या ट्रकचा रंग घासायला बसले. वरचा हिरवा निघाला. त्याखाली निळा, त्याखाली करडा, आणि सगळ्यात खाली, नखाएवढा, पिवळा. हे उठून उभे राहिले.

"सापडली," म्हणाले. "पहिली नोंद."

त्या नखाएवढ्या तुकड्यावरून ह्यांनी तो पिवळा रंग हुबेहूब जुळवला. ठोक्याने एकूण एक पोचा काढला. मी सीटचं जुनं कव्हर उसवून फेकलं आणि नवं, दुहेरी शिलाईचं घातलं. तेव्हा चूक एकट्या ह्यांची होती असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या गाड्यांचं महिनाभरावर प्रदर्शन होतं, त्यात ह्यांनी ट्रकचं नाव नोंदवलं होतं, काकूंची परवानगी घेऊन. "साहेब, यंदा पहिला नंबर आपलाच," ठोक्या येता-जाता म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता. इतकं देखणं काम आमच्या शेडमधून त्याआधी बाहेर पडलं नव्हतं.

आणि आता काका शेडबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभे होते.

काकू जवळ आल्या. "भाऊ, तुमच्या कामात खोट नाही. फार सुंदर केलीत. पण परवा हे गाडी शोधत पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. दुधवाल्याने आणून सोडलं. त्याच्या आधी एकदा असंच झालं. मी डोळ्यात तेल घालून किती वेळ बसू?"

"काकू, तुम्हीच म्हणालात पहिल्यासारखी करा."

"अहो, पहिल्यासारखी म्हणजे..." काकूंनी पिवळ्या पत्र्यावर बोट ठेवलं. "होती तशी. तुमच्याकडे आणली तेव्हा होती तशी."

काका-काकू गेल्यावर हे एका टायरवर बसून राहिले. ठोक्याने हातोडी पुसली, ठेवली, पुन्हा पुसली. मला ह्यांची दया आली आणि थोडा रागही आला, माझाही. पाच आठवडे आम्ही तिघं त्या गाडीशी बोलत होतो, पण काकूंना एकदाही फोन केला नव्हता.

सोमवारी सकाळी हे डांगरी घालून चहाला बसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण सोमवारची डांगरी मी पहिल्यांदाच बघत होते.

"अहो, ऑफिस?"

"दोन आठवडे रजा टाकलीय."

"कशासाठी?"

"नोंद दुरुस्त करायची आहे," हे म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं.

आम्ही दोघं काकूंच्या घरी गेलो. ह्यांनी वही काढली आणि खिडकीत विचारतात तसे एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, फक्त ह्या वेळी समोरचा सांगेल ते लिहून घेत होते. हिरवा म्हणजे कोणता हिरवा? काकूंनी अंगणाचं फाटक दाखवलं. काकांनी स्वतःच भिंत रंगवायच्या ब्रशने ट्रक रंगवला होता आणि उरलेला डबा फाटकाला फासला होता. पोचे किती? चार, त्यातला मोठा मागच्या कोपऱ्याला, गोदामाच्या खांबाचा. स्टीअरिंगला काय गुंडाळलं होतं? सायकलची ट्यूब.

"काका कोपर कुठे टेकायचे?"

काकू उठल्या. खुर्ची खिडकीशी ओढून बसल्या, डावा हात हवेत स्टीअरिंगवर ठेवला, उजवं कोपर चौकटीवर टेकलं आणि मान किंचित बाहेर काढली. क्षणभर तिथे काकाच बसले होते. ह्यांनी टेप काढून चौकटीच्या कडेपासून कोपरापर्यंत माप घेतलं. काकू हसल्या, मग डोळे पुसायला आत गेल्या.

पुढचे दिवस आमच्या शेडमध्ये उलटी गंगा वाहत होती. ठोक्याला पोचे घालायला सांगितले तेव्हा त्याने हातातली हातोडी खाली ठेवली.

"साहेब, जन्मभर पोचे काढले. घाल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं."

"मग आता शिक."

पहिला पोचा त्याने हातोडीने घातला. हे म्हणाले, हा हातोडीचा दिसतो, खांबाचा नाही. तो ठोकून सरळ केला. मग एका लाकडी खांबाला पोतं गुंडाळलं, आणि ट्रकच त्या खांबावर हळूच मागे घेतला. पत्रा कण्हल्यासारखा वाजला. ठोक्याने डोळे मिटून घेतले होते.

रंगाचं त्याहून कठीण. काकांनी हौसेने, पण कशाही फराट्यांनी रंगवलेलं. ह्यांचा हात इतका बसलेला, की फराटा उमटेचना. रंग सारखा बसायला लागला की हे ब्रश डाव्या हातात घ्यायचे आणि स्वतःवरच वैतागायचे. काकांच्या कोपराने रंग झिजायचा ती जागा मापाने आखून तिथला हिरवा घासला, निळा दिसेपर्यंत. हो, खाली आधी निळा लावून घेतला होता. खोटेपणाही ह्या माणसाला नियमाने करावा लागतो.

सीटचं जुनं कव्हर मी फेकलं होतं, ते चिंध्यांच्या ढिगात सापडलं. अर्ध्याला ऑइल पुसून झालं होतं. ते धुतलं, फाटकं तसंच ठेवलं आणि जुन्याच भोकांतून जुन्याच सुताने टाके घातले. नव्या शिलाईला कधी इतका वेळ लागला नव्हता. खालचं लोखंड मात्र ह्यांनी नवंच राहू दिलं. पायाखालचा पत्रा मजबूत, पायरी रुंद, पाय घसरू नये म्हणून खरखरीत, आणि वरून चिखलाचा रंग.

शनिवारी ठोक्याने विचारलं, "आणि प्रदर्शन?"

"नाव काढून घेतलं."

"एक फोटो तरी काढायचा होता पिवळा असताना."

"कशाला?" हे म्हणाले. त्या 'कशाला'त जराही कडवटपणा नव्हता. मला त्या दिवशी ह्यांचा फार अभिमान वाटला. मी तसं तोंडावर सांगितलंही, तर म्हणाले, "तो टाका जरा सैल कर, उजवीकडचा."

दुसऱ्या रविवारी सकाळी ट्रक अंगणात नेऊन लावला, बॅटरी काढली. काका नाश्ता संपवून बाहेर आले. काकू दारातच थांबल्या, मी त्यांचा हात धरला.

काका पायरीपाशी थबकले. मग ट्रकभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ घातली. मागच्या कोपऱ्याच्या पोच्यापाशी आल्यावर त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि जरा उभे राहिले. पुढे येऊन त्यांनी दार उघडलं.

"दाराला तेल कुणी घातलं?" काका खेकसले.

हे चाचरले. "मी. करकरत होतं."

"विचारून घालत जा." काका वर चढले. सीटवर दोनदा मागेपुढे सरकले. एक हात ट्यूबवर गेला, उजवं कोपर दाराच्या चौकटीवर येऊन टेकलं, बरोबर निळ्यावर. काकूंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

काकांनी मान बाहेर काढून ह्यांच्याकडे बघितलं. "अरे, तोंड काय बघतोस? क्लीनर आहेस ना? जा मागे. भिंत आहे तिथे, गाडी मागे घ्यायचीय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. हे धावतच ट्रकच्या मागे गेले. भिंतीकडे पाठ करून उभे राहिले आणि पत्र्यावर थाप मारू लागले.

"येऊ द्या... येऊ द्या..."

त्या खिडकीतून तिसऱ्या माणसाला न ऐकू जाणारा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. वर काका दोन्ही हातांनी जड स्टीअरिंग वळवत होते, मान वळवून, कपाळाला आठी घालून. ट्रक जागचा हलत नव्हता.

"थोडं डावीकडे... येऊ द्या, येऊ द्या... बास."

काकांनी हँडब्रेक ओढला आणि कपाळ पुसलं. "नवा दिसतोस," ते आतून म्हणाले. "पण शिकशील."

"हो, काका," हे म्हणाले, आणि चाकामागे लावायला दगड शोधू लागले.